संत्रा आपला, वासाचा भाव कुणाचा?

पांढुर्णा-सौंसरच्या घरात ‘भाव’ हा शब्द निघाला की तो संत्र्याचा, कपाशीचा नाहीतर मक्याचा असतो. अंबिया यंदा काय टनानं गेला, व्यापाऱ्यानं बगीचा उक्ता केवढ्यात मागितला, कळमन्याला किती गाड्या लागल्या. आपल्यापैकी जे आता पुण्या-मुंबईत, भोपाळ-इंदूरला किंवा परदेशात राहतात, त्यांच्याही फोनवर घरून हीच बातमी येते. पण संत्र्याच्या वासालाही एक भाव असतो आणि तो कळमन्यात ठरत नाही. जर्मनी, चीन, जपानमधले मोजके कारखाने, समुद्रातली जहाजं आणि ब्राझीलचा पाऊस मिळून तो ठरवतात. आपल्या गावच्या काही जणांनी अलीकडे या भावाच्या भरवशावर पैसे घालायचं मनावर घेतलं आहे, म्हणून तो नीट समजून घ्यायला हवा.

मी रसायनशास्त्राचा माणूस नाही. बीई केलं आणि सॉफ्टवेअरमध्ये आलो. खाद्यपदार्थ बनवणाऱ्या एका कंपनीच्या खरेदी विभागासाठी आमच्या टीमनं किमतींचा डॅशबोर्ड बनवला होता, तेव्हा या विषयाशी गाठ पडली. साखर, पामतेल, दूध पावडर यांच्या खाली सुगंधी द्रव्यांच्या ओळी होत्या. त्यात एक ओळ ‘सिट्रल’ची. तिच्यापुढे आशिया, युरोप आणि उत्तर अमेरिका असे तीन रकाने, आणि तिन्हींत वेगवेगळे आकडे. माल एकच, शुद्धता तीच, मग भाव तीन का? खरेदीवाल्यांना विचारत विचारत जे कळत गेलं, ते पुढे घरच्याच कामाला आलं.

गवती चहातलं रसायन

सिट्रल हे नाव नवीन वाटेल, पण वास प्रत्येकाच्या ओळखीचा आहे. चहात गवती चहाची पात चुरगाळून टाकली की जो लिंबासारखा दरवळ उठतो, तो मुख्यतः सिट्रलचा. भारतातून निर्यात होणाऱ्या गवती चहाच्या जातीच्या तेलात साधारण ७० ते ८० टक्के सिट्रल असतं. भांडी घासायच्या साबणातला लिंबू, लिंबाची गोळी, लिंबू सरबताची पावडर या सगळ्यांत ते असतं, आणि बहुतेक वेळा ते कारखान्यात तयार झालेलं असतं.

संत्र्याच्या वासाची घडण थोडी वेगळी आहे. बाजारात ज्याला ऑरेंज ऑइल म्हणतात, त्यात ९० टक्क्यांहून जास्त लिमोनीन असतं. पण नुसतं लिमोनीन हुंगलं तर संत्रा डोळ्यांपुढे येत नाही. उरलेल्या थोड्याशा भागात ऑक्टॅनल, डेकॅनल, लिनालूल आणि एक टक्क्याहूनही कमी सिट्रल असतं. जीव त्या थोड्याशा भागात आहे, भाजीत मीठ असावं तसा. संत्र्याची गोळी किंवा थंड पेय बनवणारा कारखाना हे घटक वेगवेगळे विकत घेऊन एकत्र करू शकतो. रसाळ चव यावी म्हणून त्यात इथाइल ब्युटिरेट घातलं जातं. म्हणजे संत्र्याची एक फोडही न वापरता संत्र्याचा वास तयार होतो, आणि आपल्या बगीच्यातल्या भावाशी त्याचा थेट संबंध राहत नाही.

गवताकडून पेट्रोलकडे

पूर्वी असं नव्हतं. १८९३ साली टीमान आणि क्रूगर या जर्मन शास्त्रज्ञांनी सिट्रल आणि अ‍ॅसिटोन यांच्यापासून आयोनोन बनवलं. त्याचा वास व्हायोलेटच्या फुलांसारखा. अत्तराच्या धंद्यात त्याला मोठी मागणी आली. पुढे विसाव्या शतकाच्या मध्याला आयोनोनपासून अ जीवनसत्त्व बनू लागलं. सिट्रल लागायचं म्हणून केरळच्या डोंगरांतल्या गवती चहाच्या तेलाला जगभर गिऱ्हाईक होतं. हे तेल ‘कोचीन ऑइल’ म्हणूनच ओळखलं जायचं. या पिकासाठी ओडक्कली इथे १९५१ पासून संशोधन केंद्र आहे.

मग सिट्रल टर्पेंटाइनपासून आणि पेट्रोलियमच्या घटकांपासून बनू लागलं. जर्मनीतल्या लुडविग्सहाफेन शहरात बीएएसएफ कंपनीनं २००४ मध्ये सिट्रलचा नवा कारखाना सुरू केला. त्याची क्षमता वर्षाला सुमारे ४०,००० टन. तिथे आयसोब्युटिलीन आणि फॉर्मॅल्डिहाइड यांच्यापासून सुरुवात होते. पहिलं खनिज तेलातून येतं, दुसऱ्याचं मूळ नैसर्गिक वायूत आहे. कारखाना रात्रंदिवस चालतो, त्याला पावसाची वाट बघावी लागत नाही. केरळचं गवत या आकाराशी भावात टिकू शकलं नाही. गवती चहाचं तेल आजही विकलं जातं, पण ‘नैसर्गिक’ या शब्दासाठी जास्त पैसे मोजणारं गिऱ्हाईक वेगळं आणि संख्येनं कमी.

केरळची ही गोष्ट मला आपल्या संत्र्यासाठी महत्त्वाची वाटते. वास बनवता यायला लागला की पीक आणि वास यांची ताटातूट होते. पीक कमी आलं म्हणून वास महाग होईलच असं नाही, आणि वास महाग झाला म्हणून शेतकऱ्याला चार पैसे जास्त मिळतील असंही नाही.

एक आग आणि कोंबडीचं खाद्य

सिट्रलचा भाव किती थोड्या हातांत आहे, हे २०१७ साली जगाला कळलं. ३१ ऑक्टोबर २०१७ ला लुडविग्सहाफेनचा सिट्रल कारखाना पुन्हा सुरू करताना आग लागली. काही दिवसांत कंपनीनं ग्राहकांना कळवलं की ठरलेला पुरवठा करता येणार नाही. पुरवठा रुळावर यायला २०१८ उजाडलं.

याचा पहिला दणका लिंबाच्या साबणाला बसला नाही, तर कोंबड्यांच्या खाद्याला बसला! अ आणि ई जीवनसत्त्वं याच साखळीतून बनतात, आणि अ जीवनसत्त्वाचा मोठा भाग जनावरांच्या व कोंबड्यांच्या खाद्यात जातो. त्याचे भाव त्या हिवाळ्यात अनेक पटींनी वाढले. जे थोडं सिट्रल शिल्लक होतं, त्यासाठी औषध-खाद्यवाले आणि सुगंधवाले अशा दोन्ही बाजूंनी ओढाताण सुरू झाली. २९ जुलै २०२४ ला त्याच शहरात पुन्हा आग लागली आणि ऑगस्टमध्ये जीवनसत्त्वं आणि काही सुगंधी द्रव्यांचा पुरवठा कंपनीला पुन्हा थांबवावा लागला.

बीएएसएफचाच भागीदारीतला कारखाना मलेशियात क्वांतानला आहे. जपानची कुरारे आणि चीनची एनएचयू याही कंपन्या सिट्रल बनवतात. पण एकूण यादी बोटांवर मोजण्याइतकीच. अशा मालाचा आलेख बघितला तर तो मंडीच्या भावासारखा रोज थोडा वर-खाली होत नाही. महिनोन्‌महिने सपाट राहतो, मग एका घटनेनं कड्यासारखा वर चढतो, आणि नवा कारखाना उभा राहिला की घसरतो.

माल एक, भाव तीन

आता त्या तीन रकान्यांकडे येऊ. आशिया, युरोप आणि अमेरिकेतले भाव वेगळे का?

पहिलं कारण कच्चा माल आणि इंधन. २०२२ मध्ये युक्रेन युद्धामुळे युरोपात नैसर्गिक वायू कमालीचा महागला. तिथल्या कारखान्यांचा खर्च चढला, आशियातल्यांचा तेवढा नाही. नदीसुद्धा भाव ठरवते. लुडविग्सहाफेन ऱ्हाईन नदीकाठी आहे. २०१८ च्या शरद ऋतूत आणि २०२२ च्या उन्हाळ्यात ऱ्हाईनचं पाणी इतकं खाली गेलं की मालाच्या बोटी पूर्ण भरून चालवता येईनात. आपल्या जामनदीत पाणी नसलं की बगीचे सुकतात, ऱ्हाईनला पाणी नसलं की रसायनं महागतात.

दुसरं कारण भाडं. २०१९ मध्ये चाळीस फुटी कंटेनरचं सरासरी भाडं मुख्य मार्गांवर सुमारे १,४०० डॉलर होतं. सप्टेंबर २०२१ मध्ये ते १०,००० डॉलरच्या वर गेलं. चीनच्या बंदरात पिंपाचा भाव तोच असला तरी न्हावा शेवाला किंवा रॉटरडॅमला उतरेपर्यंत तो वेगळा होतो. २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले, जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली आणि युरोपचा रकाना पुन्हा बदलला.

तिसरं कारण सरकारचं शुल्क आणि रुपया-डॉलरचा दर. हे आपल्या शेतकऱ्यांना सांगायची गरज नाही. बांगलादेश हा नागपुरी संत्र्याचा सर्वात मोठा परदेशी गिऱ्हाईक. त्यांनी आयात शुल्क टप्प्याटप्प्यानं वाढवलं आणि झाडावरचा तोच संत्रा इथे स्वस्त झाला, ढाक्यात महाग.

चौथं कारण कागदावर दिसत नाही. मोठी कंपनी वर्षाचा करार करते, तिचा भाव वेगळा. दोन पिंपं घेणाऱ्याचा वेगळा. इंटरनेटवर फुकट दिसणारा भाव बहुतेक वेळा विकणाऱ्यानं मागितलेला असतो. तो कुणी दिला का, ते तिथे लिहिलेलं नसतं.

दादाचा प्रश्न

हे सगळं माझ्यासाठी नोकरीतलं काम होतं, तोवर ठीक होतं. मग सौंसरजवळच्या माझ्या मावसभावाचा फोन आला. दादा माझ्याहून सात वर्षांनी मोठा, शेती तोच बघतो. त्याच्याकडे मोबाईलवर कुठूनतरी आलेला एक तक्ता होता, ऑरेंज ऑइलचा किलोचा भाव आणि वर जाणारा हिरवा बाण.

“आपण चुरी फेकतो, सालं फेकतो,” तो म्हणाला, “अन् हे लोक त्याचंच तेल विकून राहिले. मशीन टाकतो म्हणतो. बँकेवाला तयार आहे. तू पाहून सांग ना बाबू.”

बाण खोटा नव्हता. ब्राझीलमध्ये २०२४-२५ च्या हंगामात दुष्काळ, उष्णता आणि ग्रीनिंग रोग यांमुळे संत्र्याचं पीक सुमारे २३ कोटी पेट्यांवर आलं. पेटी ४०.८ किलोची. तीस-पस्तीस वर्षांत एवढं कमी पीक झालं नव्हतं. फ्लोरिडात १९९७-९८ मध्ये २४ कोटींवर पेट्या निघायच्या, २०२३-२४ मध्ये दोन कोटीसुद्धा भरल्या नाहीत. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत गोठवलेल्या संत्रारसाचा वायदा पौंडाला ५ डॉलरच्या वर, म्हणजे विक्रमी पातळीवर गेला. तेल हे रसाच्या कारखान्यातलंच उपउत्पादन, त्यामुळे तेही चढलं.

पण २०२५ च्या पहिल्या काही महिन्यांतच रसाचा वायदा निम्म्याच्या आसपास खाली आला. शिवाय नैसर्गिक तेल महाग झालं की पेयांच्या आणि साबणाच्या कंपन्या गप्प बसत नाहीत. त्या कृती बदलतात, खरं तेल कमी करून ऑक्टॅनल, डेकॅनल, सिट्रलसारखी बनवलेली द्रव्यं वाढवतात. एकदा बदललेली कृती सगळेच परत फिरवत नाहीत. कारखान्यातलं रसायन आपल्या तेलाच्या भावावर असं झाकण ठेवतं. कर्ज मात्र सात वर्षांचं.

दुसरी गोष्ट, त्या तक्त्यातलं ‘ऑरेंज’ आपला संत्रा नव्हताच. ब्राझील-फ्लोरिडाचं फळ म्हणजे आपल्या मोसंबीचं भावंडं, जात तीच. आपला नागपुरी संत्रा मँडरिन वर्गातला. साल सैल, वास वेगळा. बाजारात मँडरिन ऑइलची ओळ वेगळी असते आणि तिचे गिऱ्हाईक थोडे.

तिसरं, साधा हिशोब. दादाला व्हिडिओ कॉलवर वही घ्यायला सांगितली. एक टन फळातून साल दाबून समजा ३ किलो तेल निघालं. तेल समजा १,००० रुपये किलोनं गेलं. झाले ३,००० रुपये. म्हणजे फळाच्या किलोमागे ३ रुपये. यातून चुरीची किंमत, तोडणी, वाहतूक, वीज, मजुरी आणि बँकेचा हप्ता. तेलाचा भाव दुप्पट धरला तरी किलोमागे ६ रुपये. तेल एकटं कारखाना चालवू शकत नाही. रस विकून खर्च निघत असेल तर तेल वरकड कमाई म्हणून चांगलं.

रसाचंही सोपं नाही. नागपुरी संत्र्याचा रस काढून ठेवला की काही वेळानं कडू होतो. लिमोनिन नावाच्या घटकामुळे हे होतं, आणि नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेनं या कडवटपणावर काम केलेलं आहे. शिवाय फवारलेली औषधं सालीच्या तेलात उतरतात. मोठा गिऱ्हाईक प्रत्येक पिंपाचा तपासणी अहवाल मागतो.

दादा थोडा वेळ बोलला नाही. मग म्हणाला, “म्हणजे फेकतच राहायचं का बे?”

मग करायचं काय?

त्याचा प्रश्न रास्त होता. ५ ऑक्टोबर २०२३ पासून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला, सौंसर त्यात आलं. संत्रा ही या जिल्ह्याची ओळख आहे. पण जिल्ह्याची ओळख असलेलं फळ अजूनही बहुतेक झाडावरच उक्तं विकलं जातं आणि लहान फळाला वाली नसतो.

नुसत्या वासाच्या मागे धावून हे सुटणार नाही. त्याला फळाच्या प्रत्येक भागाला गिऱ्हाईक लागतं, आणि आकार लागतो. ९ मार्च २०२५ ला नागपूरच्या मिहानमध्ये पतंजलीच्या फूड पार्कचं उद्‌घाटन झालं. रोज ८०० टन फळांवर प्रक्रिया करण्याची क्षमता, रसाबरोबर सालीचं तेल आणि सुगंधी अर्क काढायची सोय, असं तेव्हा जाहीर केलं गेलं. वरचाच ३ किलोचा हिशोब धरला तर पूर्ण क्षमतेनं चालणाऱ्या अशा कारखान्यात दिवसाला २,४०० किलो तेल निघेल. रोज पाच टन फळ दाबणाऱ्या छोट्या मशीनमधून १५ किलो. जगाच्या बाजाराशी भावाची बोलणी करायला पहिला बसू शकतो, दुसऱ्याला समोरचा सांगेल तो भाव घ्यावा लागतो. मोठ्या कारखान्याला मात्र रोज, एकसारखी, ठरल्या वेळी फळं हवीत. तिथे दहा बगीचेवाले एकत्र आले तर त्यांच्या शब्दाला वजन येतं.

हा धंदा मराठी माणसाला परकाही नाही. मुंबईची एस. एच. केळकर आणि कंपनी १९२२ पासून सुगंधांच्या व्यवसायात आहे. महाडला प्रिव्ही स्पेशालिटी केमिकल्स टर्पेंटाइनपासून सुगंधी द्रव्यं बनवून जगभर पाठवते. आपल्या भागातून केमिकल इंजिनियरिंग किंवा फूड टेक्नॉलॉजी शिकणाऱ्या मुलामुलींनी हे कारखाने आतून बघावेत असं मला फार वाटतं. आज दादाला उत्तर द्यायला घरात एक सॉफ्टवेअरवाला होता. उद्या सालीच्या तेलाची तपासणी करू शकणारी कुणीतरी भाची-पुतणी असेल तर जास्त बरं.

तोवर, शहरात बसून नेट वापरणाऱ्या आपल्या पिढीला एक काम सहज जमण्यासारखं आहे. घरून असा तक्ता फोनवर आला तर ‘छान’ म्हणून अंगठा पाठवू नका आणि ‘काही खरं नसतं’ म्हणून झटकूही नका. चार प्रश्न विचारा. हा भाव नेमक्या कोणत्या मालाचा? कोणत्या बंदरातला किंवा गावातला? मागितलेला की मिळालेला? आणि पाच वर्षांपूर्वी तो किती होता? चौथ्या प्रश्नाचं उत्तर सर्वांत महत्त्वाचं, कारण वर जाणारा बाण नेहमी अलीकडच्या महिन्यांचाच दाखवलेला असतो.

दादानं कर्जाचा कागद सध्या बाजूला ठेवला आहे. अंबियाच्या तोडणीला त्यानं आणि शेजारच्या सहा बगीचेवाल्यांनी चुरी वेगळी काढून तिचं वजन लिहून ठेवलं. कुणाच्या बगीच्यात किती टन लहान फळ निघतं, कोणत्या आठवड्यात निघतं, हे आजवर कुणी मोजलंच नव्हतं. ती वही आता माझ्याकडे आली आहे आणि मी तिचा तक्ता बनवतो आहे. त्यातही तीन रकाने आहेत: पांढुर्णा, सौंसर आणि नागपूरचा पोच भाव.